पन्नास केबीच्या आत

चोपड्याला स्टँडच्या मागे
झेरॉक्सच्या दोन दुकानांमध्ये चेपून माझं टेबल,
दोन कॉम्प्युटर, आणि एक कूलर
ज्याला माझ्या आधी पाणी लागतं.
वनरक्षकाची भरती निघाली तेव्हा
पायरीपासून रसवंतीपर्यंत पोरं उभी.
प्रत्येकाच्या मोबाइलात चार-चार एमबीचा चेहरा,
आणि फॉर्म म्हणायचा, पन्नास केबीच्या आत.
सही वीसच्या आत.

माझ्याकडे होतं ते मोठं सॉफ्टवेअर,
भाच्याने पुण्याहून पेनड्राइव्हवर आणलेलं.
ते उघडेपर्यंत
चहा येऊन, पिऊन, ग्लास परत जायचा.
शंभर हत्यारं त्यात, कुंचले, कात्र्या, जादूची कांडी.
मला हवं होतं एवढंच
की रायसिंग बारेला लहान व्हावा
आणि तरी रायसिंगच दिसावा.

रात्री शटर अर्धं ओढून शोधत बसलो.
एकाने पैसे मागितले. एकाने ईमेल.
एकाने फोटो लहान केला
आणि कपाळावर स्वतःचं नाव छापलं.
एक येताना तीन पाहुणे घेऊन आला,
ते अजून कॉम्प्युटरमधून निघत नाहीत.
पावणेदोनला सापडलं.
दोन एमबीचंही नाही.
राखाडी खिडकी, रुंदी, उंची, खाली एक बटण.
फोटोवर उजवं क्लिक केलं की तिथेच, हाताशी,
दाराआडच्या खुंटीला अडकवलेल्या पान्यासारखं.
कोणी बनवलं असेल?
त्याच्याही दारात कधी रांग लागली असेल का?

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस पोरं
चहा यायच्या आधी संपली.
फक्त सुमित्रा पावरा म्हणाली,
दादा, सही लहान करताना
शेवटची रेघ कापू नका,
ती मी परवाच काढायला शिकले.

पण त्या खिडकीच्या तळाशी एक बारीक चौकोन होता,
'मूळ फाइल बदला',
आणि त्यात आधीपासूनच बरोबरची खूण.
मी वाचली नाही.
त्याच फोल्डरमध्ये पडून होता लोटन आप्पांचा घड,
केळीचा, एकेचाळीस किलोचा,
वजनकाट्यासकट काढलेला, फ्लेक्ससाठी.
पोरांच्या रांगेत तोही उभा राहिला
आणि दोनशे बाय दोनशे तीस होऊन बाहेर आला.
अठरा केबी.
वनरक्षकाला चालला असता.

आप्पा आले. स्क्रीनवर वाकले, चष्मा पुसला,
पुन्हा वाकले.
"मन्हा घड कथा गया रे भो?"
मोबाइल नातवाकडे, नातवाने तो कधीच साफ मारलेला.
घड तर केव्हाच ट्रकमधून उत्तरेला जाऊन
कोणाकोणाच्या पोटात.
मी फोटो कोपऱ्याला धरून ओढला, मोठा हो म्हणालो.
तो झाला बिचारा.
केळ्यांच्या जागी हिरव्या फरश्या आल्या,
काट्यावरचा एकेचाळीस
एक करडा ठिपका होऊन बसला.
आप्पा म्हणाले, छाप.
मी म्हटलं, आप्पा, यात काही राहिलं नाही.
छाप म्हणतो ना.
फ्लेक्सचे पैसे मी घेतले नाहीत.

ती खूण आता काढून टाकली आहे.
तरी बटण दाबायच्या आधी
दर वेळी खाली बघतो,
रात्री कुलूप लावून चार पावलांवरून परत यावं तसा.

फ्लेक्स लागलाय धरणगाव रस्त्याला, खताच्या दुकानावर,
बारा बाय आठ.
खाली उभं राहिलं तर कसला घड न् कसलं काय.
आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडाला धरून मागे नेतात,
आणखी मागे,
रस्ता ओलांडून, पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी,
तिथे त्याला नीट उभा करतात,
खांदे धरून तोंड फिरवतात.
"हां. आते देख."